जसाच्या तसा निरोप

“मेरे घर में टीवी है ही नहीं, तो लायसन काहे का?”

चौथ्या मजल्यावरच्या भाभी हे वाक्य पाचव्यांदा ओरडल्या, तेव्हा आमच्या क्लबहाउसवरची कबुतरं उडाली ती थेट इंदूरच्या राजवाड्यावर जाऊन बसली, आणि तिथल्या कबुतरांनी त्यांना, क्या हुआ भिया, म्हणून विचारलं. मी सांगतो त्यातलं निम्मंच घ्यावं, असं माझी बायको नव्या माणसाला आधीच बजावून ठेवते. ती स्वतः पाव घेते. पण भाभींचा आवाज मोठा होता, एवढं तिलाही मान्य आहे.

रविवारची सकाळ होती. बायपासजवळची आमची चार इमारतींची सोसायटी क्लबहाउसात जमली होती आणि समोर टेबलापाशी अध्यक्ष बसले होते. अध्यक्ष टपाल खात्यातून निवृत्त झालेले, माळव्यातलेच, आवाज न चढवणारे गृहस्थ. नोकरीच्या सुरुवातीला ते पोस्टाच्या त्या खिडकीवर बसत, जिथे लोक रेडिओचं आणि टीव्हीचं लायसन भरायला येत. आजच्या पोरांना हे माझ्या इतर गोष्टींसारखंच वाटतं, पण हे खरं आहे. एके काळी घरात रेडिओ ठेवायला परवाना लागायचा. दर वर्षी पोस्टात जायचं, छोट्याशा पुस्तकात तिकीट लावून घ्यायचं, वर शिक्का. पुढे सरकारनं ते सगळं बंद केलं. खिडकी गेली, पण शिक्का मारायची ती धप् अध्यक्षांच्या उजव्या हातात राहून गेली.

ती धप् पुन्हा बाहेर पडली ती अशी. आमच्या केबलवाल्यानं सोसायटीला एक रिकामी वाहिनी देऊ केली. क्लबहाउसात एक कॅमेरा उभा राहिला, एक माइक आला, आणि आमची स्वतःची वाहिनी सुरू झाली. तिच्यावर पाणी कधी येणार ते कळायचं, मंदिरातली आरती दिसायची, कुणाच्या तरी नातीचा कथक दिसायचा. वर्षभर हे फुकट चाललं. मग कॅमेरा बिघडला, दुरुस्तीचं बिल आलं आणि अध्यक्षांनी जाहीर केलं की यापुढे प्रत्येक घराला दरमहा लायसन फी. टीव्ही असो वा नसो, बघा वा न बघा. त्यांनी खरोखरची छोटी निळी पुस्तकं छापून आणली होती, महिन्याच्या चौकटी आखलेली. शिक्कासुद्धा करून आणला होता.

त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं. गेटवरच्या दिव्याचे पैसे आंधळाही देतो, कारण तो दिवा सगळ्यांचा. वाहिनीही सगळ्यांची. माझं म्हणणं त्याहून साधं होतं, आणि मोठ्यानं होतं. जे मी बघत नाही त्याचे पैसे माझ्याकडून जबरदस्तीनं घ्याल, तर उद्या मी न खाल्लेल्या पोह्यांचेही घ्याल. टाळ्या पडल्या. इंदुरात पोह्यांचा दाखला दिला की टाळ्या पडतातच, ती काही माझी हुशारी नाही. त्या रविवारी भाभींनी ओरडून रस्ता मोकळा केला आणि मी त्यावरून चालत जाऊन लायसनविरोधी मोहिमेचा पुढारी झालो.

मोहीम कशी चालवली ते सांगायला लागलो तर संध्याकाळ होईल. थोडक्यात सांगतो. घोषणा माझी होती, ‘देखें ना देखें, पैसा क्यों फेंकें’. एका रविवारी सगळ्या घरांनी टीव्हीवर काळं कापड घालावं असा पुकारा केला. ज्या घरात टीव्ही नव्हता तिथे भाभींनी मायक्रोवेव्हवर घातलं. आणि शेवटी टीव्हीची अंत्ययात्रा. माझ्याकडे जुना, मोठ्या पोटाचा, पिक्चर ट्यूबचा टीव्ही पडून होता. हत्तीच्या पिल्लाएवढं वजन. तो चौघांनी खांद्यावर घेतला, त्यातला पुढचा एक मी. सोसायटीला तीन फेऱ्या मारायच्या होत्या, पण पहिल्याच फेरीत समोरून कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. गाडीवरच्या भियानं आम्हाला थांबवलं, टीव्हीकडे नीट पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, “भाईसाहब, ये गीले में जाएगा कि सूखे में?” तिथे अंत्ययात्रा संपली. लोक हसून हसून खाली बसले. पण मोहीम त्या हसण्यानंच जिंकली, हे मला तेव्हाच कळलं होतं.

त्या हसण्यात एक माणूस नव्हता. गेटच्या बाजूला, हातात कापडी पिशवी घेऊन, सर उभे होते.

सर सांगलीकडचे. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, पत्नी गेल्यावर मुलीकडे इथे राहायला आले. मुलगी आणि जावई सकाळी निघत ते दिवेलागणीला परतत. जावई हिंदी बोलणारा, भला माणूस. नात मराठी समजायची, उत्तर मात्र हिंदीत द्यायची. सरांचं हिंदी सिनेमापुरतं होतं. अध्यक्षांची माळवी वळणाची हिंदी त्यांना बिलकुल उमगत नसे, आणि सरांची सांगलीची मराठी अध्यक्षांना. त्या दोघांमधला दुभाष्या मी. म्हणजे अध्यक्ष एक वाक्य बोलत, मी त्याची तीन करी, सर हसून दोन परत देत, आणि मी त्यांचं एक करून अध्यक्षांना पोचवी. असा आमचा संसार चालला होता.

वाहिनीवर रोज सकाळी पंधरा मिनिटं सरांची होती. पांढरा सदरा घालून ते कॅमेऱ्यासमोर बसत. तिथी सांगत, सोसायटीत कुणाचा वाढदिवस आहे ते सांगत आणि मग ‘आजचा शब्द’. एक मराठी शब्द घ्यायचा आणि तो कुठून आला, कसा फिरला, ते सांगायचं. इथे आल्यावर त्यांना नवाच खजिना सापडला होता. मराठीत एक अर्थ, हिंदीत दुसरा, असे शब्द. आपल्याकडे शिक्षा झाली की माणूस रडतो, इथे शिक्षा मिळाली की पेढे वाटतात. आपल्याकडे चेष्टा करणाऱ्याला रागावतात, इथे चेष्टा करणाऱ्याचं कौतुक, कारण तो प्रयत्न करतोय. हे शब्द मीच त्यांना सकाळी फिरताना पुरवत असे. तीन पिढ्या इंदुरात काढलेल्या माणसाकडे असले शब्द पोत्यानं असतात. ते खिशातल्या डायरीत टिपून घेत आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीवर माझ्याकडे बघत, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघत, सांगत. त्या पंधरा मिनिटांसाठी ते रात्री सदरा इस्त्री करून ठेवतात, असं त्यांच्या मुलीनं माझ्या बायकोला सांगितलं होतं. बाकीच्या दिवसात त्यांच्याशी मराठीत बोलायला मी सोडून कुणी नव्हतं.

तर गेटपाशी सरांनी मला बाजूला घेतलं. फी गेली तर वाहिनीही जाईल का, एवढंच त्यांनी विचारलं. माझ्या खांद्यावर अजून टीव्हीची धूळ होती.

“छे हो सर,” मी म्हटलं, “मी आहे ना.”

ते बरं म्हणाले आणि भाजी आणायला गेले.

मोहिमेत मी माझ्या वडिलांची गोष्टही फार वापरली. वडील परदेशीपुऱ्यात राहणारे, मिलमध्ये कारकून. आमच्याकडे बिनलायसनचा रेडिओ होता. एक दिवस तपासणीचा माणूस गल्लीत आला, तेव्हा वडिलांनी रेडिओ उचलून गव्हाच्या कोठीत ठेवला आणि झाकण लावलं. पण घाईत बंद करायचा राहिला. तपासनीस दारात उभा आणि कोठी भजन म्हणतेय. वडील म्हणाले, या वर्षी गहू फार चांगला आलाय. ही गोष्ट सांगितली की लोक डोळे पुसत आणि मग मी म्हणायचो, पाहा, लायसनचा जुलूम कसा होता, आता तो परत आणायचाय का.

सर एकदा फिरताना म्हणाले होते, मग पुढे काय झालं? मी विषय बदलला. पुढे झालं ते असं की तपासनीस हसला, चहा प्यायला, आणि कल पोस्ट ऑफिस हो आना, एवढं बोलून गेला. वडील दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून पोस्टात गेले आणि लायसन काढून आले. आईनं विचारलं, तेव्हा म्हणाले, ऐकतो तर आपण रोज, मग चोरून कशाला ऐकायचं. हा भाग मी मोहिमेत सांगत नसे. त्यानं गोष्ट पडते.

दुसऱ्या सभेच्या दोन दिवस आधी अध्यक्षांनी मला बोलावलं. टेबलावर ती निळी पुस्तकं गठ्ठा बांधून ठेवली होती. तोंड उतरलं होतं त्यांचं, पण राग नव्हता. ते म्हणाले, भाईसाहब, तुम्ही जिंकलात. सक्ती मागे घेतो. ज्याला द्यायचं तो देईल, जेवढं जमेल तेवढी वाहिनी चालेल. आरती नको, कथक नको, पण सरजींची पंधरा मिनिटं राहू द्या. त्यांना वाईट वाटलंय, आजकाल नमस्कारही नीट करत नाहीत. मग खुर्चीतून थोडे पुढे वाकून म्हणाले:

“आप सरजी से कहिए, राजीनामा कर लेते हैं।”

आता मध्य प्रदेशात जन्म काढलेल्या कोणालाही हे सांगायला नको. इथे राजीनामा म्हणजे राजीखुशीचा कागद. दोन पक्ष भांडले, मग कोर्टाबाहेर बसले, चहा प्याले, दोघं राजी झाले, की झाला राजीनामा. नोकरी सोडतात त्याला इथे इस्तीफा. हा शब्द मी सरांसाठी कधीपासून राखून ठेवला होता. सगळ्यात शेवटी द्यायचा, बडीशेपेसारखा.

मी सरांकडे चालत गेलो. दोन इमारतींमधलं अंतर, पण तेवढ्यात मी बराच विचार केला. रविवारचं माझं भाषण तयार होतं. त्याचा शेवट असा होता की जुलमी लायसन पूर्ण कोसळलं आणि त्याच्याबरोबर वाहिनीचा सगळा डोलारा. तडजोड झाली तर भाषणाला शेवटच उरत नव्हता. अर्ध्या विजयाची मिरवणूक कशी काढायची? आणि खरं सांगायचं तर, सकाळी पंधरा मिनिटं सोसायटीतली माणसं सरांचं ऐकत असत आणि उरलेला दिवस माझं. ही गोष्ट मी त्या दोन इमारतींच्या मध्ये स्वतःशी कबूल केली नव्हती. नंतर केली.

सरांनी दार उघडलं. मी आत गेलो, बसलो, पाणी प्यायलो.

“अध्यक्ष म्हणाले, सरांना राजीनामा द्यायला सांगा,” मी म्हटलं.

नाही. इथे मी पुन्हा चुकीचं सांगतोय. सवय आहे. मी म्हटलं ते असं होतं: “अध्यक्ष म्हणाले, राजीनामा करून टाकू.” शब्द न शब्द त्यांचा, फक्त क्रियापद मराठी. मीठ नाही, मसाला नाही, एकाची तीन वाक्यं नाहीत. साठ वर्षांत मी कुणाचा निरोप इतका जसाच्या तसा पोचवला नव्हता.

सरांनी विचारलं, “राजीनामाच म्हणाले?”

“हाच शब्द.”

ते उठून टेबलापाशी गेले. मग डायरीतलं पान न फाडता, टेबलाच्या खणातला कोरा कागद काढून त्यांनी लिहिलं. अक्षर असं की छापखान्यानं लाजावं. ‘आपल्या सूचनेप्रमाणे वाहिनीच्या कामाचा राजीनामा देत आहे. आजवरच्या सहकार्याबद्दल आभारी आहे.’ घडी घालून माझ्याच हाती दिला. मी तो घेऊन परत दोन इमारती चाललो. वाटेत मला तीनदा थांबता आलं असतं.

अध्यक्षांनी कागद चष्मा लावून वाचला. मराठी कागद, पण अक्षरं तीच, म्हणून त्यांनी तो हिंदीतच वाचला. ‘राजीनामा’ दिसला, ‘आभारी’ दिसलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. देखो, मान गए सरजी, म्हणत त्यांनी कागदावर नवा कोरा शिक्का मारला. धप्. एवढा खूश माणूस मी त्या महिन्यात दुसरा पाहिला नाही.

रविवारी मी भाषण केलं. सक्ती गेली, भाभींनी मला हार घातला. सोमवारी सकाळी अध्यक्ष स्वतः लवकर उठून क्लबहाउसात गेले, सरांची खुर्ची पुसली, माइक तपासला आणि वाट बघत बसले. आपल्या घरी सर पांढरा सदरा न घालता बसले होते. अध्यक्षांना वाटलं, हा माणूस लिहून देऊन फिरला. सरांना वाटलं, मला काढून टाकून हे आता गेटपाशी नमस्कार कशाला करतात. आठवड्याभरात नमस्कारही थांबले. खुर्ची रिकामी म्हणून केबलवाल्यानं त्या वाहिनीवर पार्किंगच्या कॅमेऱ्याचं चित्र लावून दिलं.

माझी बायको सकाळी चहा घेताना ते पार्किंग बघत बसे. मला वाटायचं, ती मला टोचायला मुद्दाम लावते. ती म्हणाली, टोचायला नाही, सवय आहे, पंधरा मिनिटं झाली की बंद करते. एके दिवशी भाभी आल्या. सरजींचं सकाळचं का बंद झालं, म्हणून विचारायला लागल्या. बायको म्हणाली, तुमच्याकडे तर टीव्ही नाही. भाभी म्हणाल्या, शेजारच्यांचा आवाज स्वयंपाकघराच्या खिडकीतून येतो ना, पोळ्या लाटताना ऐकायचे, आता बाई किती तरी मराठी शब्द येतात मला. त्यांनी ‘हुंदका’ म्हणून दाखवला. बरोबर म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं या वेळी पाव घेतलं नाही, सगळंच घेतलं. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “अहो, तुम्ही आयुष्यभर थापा मारल्यात, त्यानं कुणाचं वाकडं झालं नाही. आणि खरं बोललात ते नेमकं या वेळी?”

लायसन सक्तीचं नसावं, असं मला आजही वाटतं. त्या मुद्द्यावर मी हटलेलो नाही. कुणाच्या खिशात हात घालून त्याला ऐकायला लावता येत नाही. पण गेटवरच्या दिव्याचा अध्यक्षांचा दाखला आता मधूनच आठवतो. मी त्या दिव्याखालून कधी जात नाही, माझी इमारत मागे आहे. तरी तो गेला तर मला चालणार नाही. कोण कशाच्या उजेडात उभं आहे, हे दुसऱ्याच्या खिडकीतून कळत नाही. मोहिमेत मी दारोदार हिंडलो, घोषणा दिल्या, पण वाहिनी कोण बघतं, कुठून ऐकतं, हा एक प्रश्न मी एकाही दारात विचारला नव्हता.

सरांकडे जायला मला आणखी बरेच दिवस लागले. गेलो तेव्हा हॉलमध्ये दोन बॅगा भरून ठेवलेल्या होत्या. सांगलीला परत जातोय, म्हणाले, तिथे एक पुतण्या असतो, खोली रिकामी आहे. मुलीला वाईट वाटतंय, पण इथे दिवस जात नाही. पांढरा सदरा सगळ्यात वर ठेवला होता, इस्त्रीची घडी तशीच.

मी सुरुवात केली ती वडिलांच्या कोठीपासून. या वेळी शेवटासकट सांगितली, पोस्ट, इस्त्रीचा शर्ट, सगळं. मग भाभींचा ‘हुंदका’ सांगितला. मग अध्यक्षांची खुर्ची पुसण्याची गोष्ट. सर शांतपणे ऐकत होते, मधे मधे बॅगेची चेन सारखी करत होते. शेवटी मी त्यांना तो शब्द दिला, जो कधीपासून राखून ठेवला होता. म्हटलं, सर, इथे राजीनामा म्हणजे तडजोड. ते तडजोड करू म्हणत होते. हिंदीत त्याचा अर्थ अगदी उलटा आहे. मी आत्ता अध्यक्षांना घेऊन येतो, पाच मिनिटांत सगळं मिटेल.

सरांनी चेन लावली.

“असेल,” ते म्हणाले. “पण तुम्ही मला मराठीत सांगितलं होतंत.”